टायर मोठा केला म्हणून ॲव्हरेज पडलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १.२ लिटर पेट्रोलची लहान हॅचबॅक. कंपनीचे १६५/८० आर१४ टायर पार झिजले म्हणून काढले आणि १५ इंची अलॉयवर १९५/६५ आर१५ चढवले. टायर बसवणाऱ्याने सांगितलं की रुंद टायरला हवा कमी लागते, म्हणून ३३ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) जागी २८ ठेवली. आधी लिटरला १८ पडत होते, आता १६ च्या वर जात नाही. तर टायरचं माप वाढल्यामुळेच हे झालं का, जुन्या मापावर परत जावं का, आणि उलट १५५/६५ आर१४ असे बारीक टायर घातले तर १८ चे २० होतील का?

टायर आणि चाकांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि ही तक्रार माझ्याकडे सतत येते. उत्तर देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही माप बदललं असं म्हणता, पण प्रत्यक्षात एकाच दिवशी पाच गोष्टी बदलल्या आहेत: टायरचा व्यास, त्याची रुंदी, रबराचा प्रकार, हवेचा दाब, आणि झिजलेल्या टायरच्या जागी कोरा टायर. ॲव्हरेजमधला सगळा फरक मापाच्या नावावर टाकला तर पुढचा निर्णय चुकतो. म्हणून एकेक गोष्ट वेगळी काढून बघू.

सुरुवात किलोमीटर मोजणाऱ्या काट्यापासून, कारण तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. गाडी किती किलोमीटर चालली हे तिला थेट कळत नाही. चाक किती वेळा फिरलं एवढंच तिला कळतं, आणि एका फेऱ्याला किती अंतर धरायचं हे कंपनीने मूळ टायरच्या मापावरून ठरवून दिलेलं असतं. १६५/८० आर१४ म्हणजे १६५ मिलिमीटर रुंदी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि १४ इंची रिम. दोन बाजूंच्या साइडवॉल आणि रिम मिळून व्यास होतो सुमारे ६२० मिलिमीटर. तुमच्या नव्या टायरचा याच हिशेबाने साधारण ६३४ होतो. म्हणजे २.४ टक्के मोठा. चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी २.४ टक्के जास्त अंतर कापते, पण काट्यावर ते दिसत नाही.

आता जुन्या टायरचं बघा. कोऱ्या टायरवर साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते. तुमच्या टायरची २ वर आली असेल तर व्यास १२ मिलिमीटरने घटला, म्हणजे भूमितीने जवळपास दोन टक्के. टायरच्या आतला स्टीलचा पट्टा ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याहून थोडा कमी पडतो. मी दीड टक्का धरतो. म्हणजे जुन्या टायरवर काटा दीड टक्का जास्त अंतर दाखवत होता आणि नव्या टायरवर २.४ टक्के कमी दाखवतोय. जुने १८ खरे साधारण १७.७ होते, आणि आताचे १६ खरे १६.४ आहेत. तुम्हाला दिसणारी घट दोन किलोमीटरची, खरी घट सव्वा ते दीडची. सुमारे एक तृतीयांश घट नुसती कागदावरची आहे, तिच्यापायी पेट्रोलचा एक थेंबही जास्त जळलेला नाही. एमआयडीवर, म्हणजे डॅशबोर्डवरच्या डिजिटल पडद्यावर, दिसणारं ॲव्हरेजही त्याच अंतरावरून काढलेलं असतं, त्यामुळे ते खरं आणि तुमचा हिशेब खोटा असं समजू नका. दोन्हीकडे चूक तीच आहे.

हे तपासायचं असेल तर सरळ, मोकळ्या रस्त्यावर ५० किलोमीटर मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा. काट्यावर ५० होताना जीपीएस ५१ दाखवत असेल तर यापुढे काट्याचं अंतर १.०२ ने गुणायचं. ही सवय लावून घ्या, कारण तिच्याशिवाय दोन मापांची तुलनाच होत नाही.

उरलेली सात-साडेसात टक्क्यांची घट खरी आहे, आणि तिची कारणं शोधण्यासारखी आहेत.

टायर पेट्रोल कसं खातो हे आधी समजून घेऊ. टायर जमिनीला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे गेल्यावर परत गोल होतो. प्रत्येक फेऱ्यात रबर दबतं, वाकतं, मोकळं होतं. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावलात तर तो गरम लागतो. ती उष्णता तुमच्या टाकीतून आलेली असते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो मोजतात दर टन वजनामागे किती किलोचा ओढ लागतो यावरून. माणसांसकट तुमची गाडी ११०० किलो धरली आणि टायर मध्यम प्रतीचे असले, टनाला १० किलोवाले, तर चारही टायर मिळून ११ किलोने गाडीला मागे ओढतात. हा ओढ वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा गाडीला ताशी ५० ला तो ८ किलोच्या आसपास असतो, ८० ला २० च्या पुढे आणि १०० ला ३० च्या वर. म्हणूनच तुम्ही गाडी कुठे चालवता यावर उत्तर बरंच अवलंबून आहे. शहरातल्या मध्यम वेगाला टायरचा वाटा मोठा असतो, हायवेवर तो हवेच्या विरोधाखाली झाकला जातो.

हे टक्के थेट पेट्रोलवर मात्र उतरवू नका. इंधनातली बरीचशी ऊर्जा इंजिनातच उष्णता म्हणून जाते. उरलेली ऊर्जा हवेचा विरोध, टायर, ब्रेक आणि गिअर यांच्यात वाटली जाते. म्हणून ढोबळ नियम असा आहे की रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के बदलला तर इंधनाचा खर्च एक ते दोन टक्के बदलतो.

आता रुंदीकडे येऊ, कारण तुमचा सगळा रोख तिच्यावर आहे. रुंद टायर जमिनीला जास्त चिकटतो म्हणून जास्त पेट्रोल खातो, असं सर्रास सांगितलं जातं. ते इतकं सरळ नाही. हवेचा दाब तोच ठेवला तर टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतो हे मुख्यतः गाडीचं वजन आणि दाब यांवरून ठरतं. बारीक टायरचा टेकणारा भाग लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आखूड भागात टायरला कमी चपटं व्हावं लागतं, म्हणजे त्या बाजूने रुंद टायरचा थोडा फायदाच. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर १६५ चं १९५ करताना नक्षीची रुंदी १८ टक्के वाढते, तेवढं जास्त रबर प्रत्येक फेऱ्यात दबतं. हे दोन परिणाम एकमेकांना बरेचसे छेद देतात. म्हणून नुसत्या रुंदीमुळे रोलिंग रेझिस्टन्स इतके टक्के वाढतो असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तरीही व्यवहारात रुंद टायर घातल्यावर ॲव्हरेज पडतं, हे मी नेहमी बघतो. कारण रुंद टायर एकटा येत नाही. अशा मापांत बरेच टायर पकडीसाठी आणि दिसण्यासाठी बनवलेले असतात, त्यांचं रबर मऊ असतं. पुढून पाहिलं तर बंपरखाली दिसणारी टायरची रुंदी वाढते आणि चाकाभोवतीची हवा जास्त घुसळली जाते. हायवेवर त्याची किंमत मोजावी लागते. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत एकाच मॉडेलला वेगवेगळ्या चाका-टायरांसाठी इंधनखर्चाचे वेगळे आकडे द्यावे लागतात ते उगाच नाही. आणि मग टायरमध्ये कमी ठेवलेली हवा, जे तुमच्या बाबतीत घडलं आहे.

व्यासाचं उलट आहे. चाक जितकं मोठं तितकं रबर टेकताना हळुवार वाकतं, म्हणजे मोठा व्यास रोलिंग रेझिस्टन्सला चांगला. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आय३ ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा तिला १५५/७० आर१९ असे टायर दिले. व्यास जवळजवळ ७०० मिलिमीटर आणि रुंदी फक्त १५५. बॅटरीतून जास्तीत जास्त अंतर काढायचं होतं, म्हणून उंच आणि बारीक. पण तिथे गाडीच त्या चाकांभोवती आखली होती. तयार गाडीत तो हिशेब करता येत नाही, कारण चाकाच्या कमानीत जागा नसते आणि गिअर आधीच्या व्यासाला जुळवलेले असतात.

गिअरचं थोडक्यात सांगतो. व्यास वाढला की सगळेच गिअर किंचित लांब होतात. हायवेला वरच्या गिअरमध्ये इंजिन ३००० आरपीएमवर फिरत होतं ते आता २९३० वर फिरेल, हा बारीकसा फायदा. शहरात मात्र लहान इंजिनाला खालच्या आरपीएमवर ताकद नसते. पिकअप जड वाटतो, तुम्ही गिअर उशिरा टाकता, पाय जास्त दाबता. २.४ टक्के फरकात हे दोन्ही नगण्य आहे. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की चालवणाऱ्याला जाणवतं.

वजनाबद्दल खूप अतिशयोक्ती चालते. चाकाच्या कडेला वाढलेलं एक किलो गाडीतल्या दहा किलोंइतकं, असं ऐकायला मिळतं. तसं नाही. फिरणारं वजन गाडीबरोबर पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून अगदी कडेला असलेलं एक किलो वेग घेताना फार तर दोन किलोंसारखं वागतं. तुमची चाकं प्रत्येकी अडीच किलोने जड झाली असं धरा, आणि स्टीलपेक्षा अलॉय नेहमी हलकं असतं असंही नाही. चार चाकांचे १० किलो, वेग घेताना ते २० सारखे. ११०० किलोच्या गाडीत हे दोन टक्क्यांहून कमी. आणि तेही फक्त वेग घेताना. इंधनात हा फरक शहरात फार तर एखादा टक्का, मोकळ्या रस्त्यावर जवळजवळ शून्य.

आता हवा. रुंद टायरला हवा कमी लागते हा सल्ला चुकीचा होता. गाडीचं वजन तेच आहे, तेव्हा सुरुवात दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरील आकड्यापासून करायची. ३३ वरून २८ केलं की टायर जास्त चपटा होतो, जास्त दबतो, जास्त तापतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा असा आहे की चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के पडतं. पाच पीएसआयचा एक टक्का झाला. एक टक्का ऐकायला लहान वाटतो, पण तो फुकट परत मिळणारा आहे. शिवाय कमी हवेत टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात आणि उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला टायर धोकादायक तापतो. दाब नेहमी थंड टायरवर बघा. हवामानात १० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर दाबात दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो, आणि वीस किलोमीटर चालवून आल्यावर मोजलेला आकडा कामाचा नसतो. स्टिकरपेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवायला हरकत नाही. त्याहून पुढे जाऊन टायर दगडासारखा करू नका, खराब रस्त्यावर पकड जाते आणि नक्षीचा मधला पट्टा झिजतो.

पाचवी गोष्ट कोणी विचारतच नाही: झिजलेल्याच्या जागी कोरा टायर. टायरमधली बरीचशी ऊर्जा नक्षीच्या रबरात जाते. आठ मिलिमीटरची नक्षी दोनवर येते तेव्हा दबायला रबरच कमी उरतं, टायर हलका होतो आणि रोलिंग रेझिस्टन्स चांगलाच घटतो. वीस टक्क्यांच्या आसपास फरक सहज पडतो. वरच्या नियमाने इंधनात तो दोन ते चार टक्के. म्हणजे तुम्ही मूळ मापाचेच, त्याच कंपनीचे कोरे टायर बसवले असते तरी ॲव्हरेज काही दिवस खाली दिसलं असतं. माझ्याकडे येणारे अनेक जण माप न बदलताही हीच तक्रार करतात. तुमची तुलना आयुष्यातल्या सगळ्यात किफायती टप्प्यावरच्या टायरशी होते आहे, जो त्याच वेळी ओल्या रस्त्यावर सगळ्यात धोकादायकही होता.

आतापर्यंतचा हिशेब जुळवून बघा. दिसणाऱ्या ११ टक्के घटीतले सुमारे साडेतीन टक्के काट्याचे. कोऱ्या नक्षीचे दोन ते चार, हवेचा एक, वजनाचा एक किंवा त्याहून कमी. उरलेले दोन-तीन टक्के रबराचा प्रकार, रुंदी आणि हवेचा विरोध यांत वाटले जातात. यातली प्रत्येक संख्या तुमच्या रस्त्यावर आणि चालवण्यावर थोडी इकडेतिकडे होईल, पण क्रम असाच राहील.

रबराच्या प्रकारावर थोडं जास्त बोलतो, कारण पुढचा टायर घेताना खरा पैसा तिथे वाचतो. १९९२ मध्ये मिशलिनने नक्षीच्या रबरात कार्बन ब्लॅकचा (रबरात मिसळायच्या काजळीचा) मोठा भाग काढून सिलिका घातलेले टायर बाजारात आणले. तोवर ओल्या रस्त्यावर पकड हवी तर इंधन जास्त, इंधन वाचवायचं तर पकड कमी, असा सौदा होता. सिलिकामुळे तो बराच सैल झाला. पण सगळे टायर सारखे नाहीत. युरोपीय संघाच्या २०२१ पासूनच्या लेबलात इंधनासाठी ए ते ई असे पाच वर्ग आहेत. मोटारीच्या टायरला ए मिळवायला टनाला ६.५ किलो किंवा कमी ओढ लागतो, १०.६ किंवा जास्त असेल तर ई. म्हणजे एकाच मापाच्या दोन टायरांत ४० टक्क्यांचा फरक असू शकतो, इंधनात चार ते आठ टक्के. तुमची सगळी खरी घट या पट्ट्यात मावते. माप न बदलता नुसता टायर बदलून तुम्ही १८ चे साडेसोळा करू शकता, किंवा उलट. लेबलवर शेजारीच ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग असतो. इंधनाचा वर्ग चांगला आणि ओल्या पकडीचा शेवटचा असेल असा टायर मी कोणालाही देत नाही. पावसात ब्रेक मारल्यावर गाडी काही मीटर पुढे जाऊन थांबली तर वाचवलेल्या पेट्रोलला काही अर्थ राहत नाही.

मूळ मापावर परत जावं का? फक्त पेट्रोलसाठी, आत्ताच, तर नको. नवीन टायर काढून परत खर्च करण्याइतका फरक मापाचा नाही. आधी हवा ३३ करा. अलाइनमेंट तपासून घ्या, कारण टो, म्हणजे चाकांची तोंडं किती सरळ पुढे आहेत तो कोन, बिघडलेला असेल तर चाकं किंचित आडवी घासत चालतात, तेही पेट्रोल खातं आणि नवे टायर काही महिन्यांत खराब होतात. चाक उचलून हाताने फिरवून बघायला सांगा, ब्रेक चिकटत असेल तर लगेच कळतं. रुंद टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कमानीच्या आतल्या अस्तराला घासत नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. घासत असेल तर मात्र पेट्रोलचा विषय बाजूला ठेवा आणि माप बदला.

मग नीट मोजा. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते त्या कटऑफला टाकी भरणं थांबवायचं, वर ठासून भरायची नाही. शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूने गाडी लावून. ३५ लिटरच्या टाकीत एक लिटर कमीजास्त भरलं गेलं तरी तीन टक्के चूक होते, म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार टाक्यांचं अंतर आणि पेट्रोल एकत्र बेरीज करा आणि अंतर जीपीएसच्या गुणकाने सुधारा. एसी, गर्दी आणि प्रवाशांची संख्या आधीसारखीच असेल असं बघा. या आकड्यानंतरही खरी घट पाच टक्क्यांच्या वर असेल, तर टायरच्या रबराकडे किंवा गाडीतल्या दुसऱ्या दोषाकडे बोट जातं.

आणि बारीक टायरचं. तुम्ही १५५/६५ आर१४ चं नाव घेतलंय. तुमच्या जुन्या १४ इंची रिमवर तो चढेल, म्हणून मोह होतो. त्याचा व्यास ५५७ मिलिमीटर, मूळच्या टायरपेक्षा दहा टक्के लहान. काटा ११ टक्के जास्त अंतर दाखवेल आणि तुम्हाला लिटरला २० दिसतील. प्रत्यक्षात गाडी तेवढीच चालली असेल, किंवा इंजिन जास्त आरपीएमवर फिरल्याने थोडी कमीच. वर गाडी ३१ मिलिमीटर खाली बसेल. आणि भार पेलण्याची ताकद बघा: १६५/८० आर१४ वर सहसा लोड इंडेक्स ८५ असतो, म्हणजे टायरमागे ५१५ किलो. १५५/६५ आर१४ वर ७५, म्हणजे ३८७. पाच माणसं आणि सामान घेऊन खड्ड्यात चाक आपटलं की हा फरक कळतो. कंपनीने मान्य केलेल्या मापापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर कधीच घालू नका, ॲव्हरेज कितीही दिसो.

पुढच्या वेळी टायर बदलायची पाळी आली की मूळ माप घ्या, किंवा कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेलं माप घ्या. १८५/६५ आर१५ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर होतो, म्हणजे तुमच्या मूळ टायरशी जवळजवळ तंतोतंत. काटा बरोबर राहतो, गिअर तसेच राहतात, आणि तुमची १५ इंची अलॉय वाया जात नाहीत. त्या मापात कमी रोलिंग रेझिस्टन्सचे टायरही सहज मिळतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती आजच बघा. डिकीत स्टेपनी अजून १६५/८० आर१४ च असेल. पुढच्या एका चाकावर ती लावली तर दोन चाकांचे व्यास वेगळे होतात आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, सतत फिरत राहतं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. ताशी ६० च्या आत चालवत पंक्चर काढण्यापुरतंच जा. आणि स्टीलच्या रिमचे नट अलॉयच्या नटांपेक्षा वेगळे असतील तर ते स्टेपनीबरोबर एका पिशवीत ठेवून द्या.